आईच्या खोलीतला दिवा

१

लोक मला त्यांच्या घरांचे फोटो पाठवतात आणि मी त्यांना ती घरं कागदाची करून देते. पुठ्ठ्याच्या भिंती, जाड कागदाचं छप्पर, ट्रेसिंग पेपरच्या खिडक्या आणि आत तांदळाच्या दाण्याएवढे विजेचे दिवे. तळाशी एक सेल आणि एक खटका. खटका दाबला की घर उजळतं आणि गिऱ्हाईक डोळे पुसतं. ज्या घरातून माणूस हात झटकून निघून गेलेला असतो, तेच घर त्याला पुन्हा हवं असतं, पण असं, कपाटावर मावणारं, झाडलोट न लागणारं. मला त्यात काही गैर वाटत नाही. माझं पोट त्यावर चालतं.

या कामात मी दोन गोष्टी पाळते. भिंतींना आतून काळा रंग द्यायचा, नाहीतर उजेड पुठ्ठ्यातून झिरपतो आणि घराला आग लागल्यासारखं दिसतं. आणि घरात माणसं ठेवायची नाहीत.

दुसरी गोष्ट मी एका गिऱ्हाइकापायी शिकले. त्याला खिडकीत आजोबांची सावली हवी होती. मी कागदाचे आजोबा कापले आणि चिमट्यात धरून आत मागेपुढे सरकवत बसले. दिव्याजवळ ठेवले की सावली अख्खी खिडकी व्यापायची, पसरट, धुरकट, कुणाची ते कळायचं नाही. खिडकीकडे सरकवले की ती लहान व्हायची, कडा धरायची. अगदी कागदाला भिडवले तेव्हा चष्म्याची काडीसुद्धा उमटली. गिऱ्हाईक खूश झालं. मला मात्र ते घर टेबलावर असेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून बसवेना. ते गेलं तेव्हा ठरवलं, पुन्हा माणसं नाहीत.

पाठीमागच्या खोलीत आई असते. पडल्यापासून तिचे पाय गेले. जीभ शाबूत आहे. तिचा पलंग खिडकीला लावलेला आहे, कारण तिला रस्ता बघायचा असतो. काही हवं असलं की ती चमच्यानं स्टीलचा पेला वाजवते. तो आवाज आता माझ्या दातांत बसलाय.

"काय करतेस?"

"घर."

"कुणाचं?"

"लोकांचं."

"कर. लोकांचीच कर. स्वतःचं काही जमलं नाही तुला."

हे रोजचं. मी तिची कूस बदलते, चादर ओढते, उशीचा अभ्रा काढते, दुसरा घालते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं माझं आहे. कौतुक मला नकोच होतं. "दमलीस का गं," एवढं तिनं कधी विचारलं असतं तरी मी पुढची दहा वर्षं मुकाट काढली असती.

धाकट्याचा फोन आला की तिचा आवाज वेगळाच होतो. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो विमानानं जावं लागतं इतका लांब राहतो, आणि दुरून डोंगर साजरे. "जेवलास का? दमत नाहीस ना रे?" मी तिच्या कानाशी फोन धरून उभी असते, हात भरून येईपर्यंत.

एकदा बोलणं झाल्यावर तो म्हणाला, "ताई, मला आपलं घर करून पाठव ना. दिव्यांसकट. आईची खिडकी तेवढी पेटलेली दिसली पाहिजे हं."

"आई इथे आहे," मी म्हटलं. "येऊन बघ."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

२

राहत्या घराचा फोटो लागत नाही. मी टेप घेऊन मापं काढली. आईच्या खोलीत गेले तर म्हणाली, "आत्ताच कशाला माप घेतेस? गेल्यावर घे."

घर दुमजली आहे. खाली आम्ही दोघी, वर भाडेकरू मास्तर. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त झालेत. वरचा मजला मी झाकणासारखा केला, उचलला की खालच्या खोल्या उघड्या दिसाव्यात म्हणून. सामान आत ठेवलं नाही, मी कधीच ठेवत नाही. दिवा एरवी मी छताच्या मध्यावर चिकटवते. आईच्या खोलीत मात्र तो खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला, कारण खरा दिवा तिथेच आहे आणि चुकलं असतं तर धाकट्यानं फोन करून सांगितलं असतं. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला आवडतं.

दुपारी कामाच्या खोलीचे पडदे ओढले आणि खटका दाबला. स्वयंपाकघर लागलं. जिना लागला. मास्तरांच्या दोन्ही खिडक्या लागल्या. आईची खिडकीही लागली, पण मळकट. मधोमध एक धुरकट डाग होता.

गोंदाचं बोट लागलं असणार, दुसरं काय. ट्रेसिंग पेपरवर गोंदाचा हात पडला की तेलासारखा डाग राहतो. मी झाकण उचललं, कागद उजेडात धरला. स्वच्छ. तरी नवा लावला. झाकण ठेवलं, पडदे ओढले, खटका दाबला. डाग होता.

मग दिवा बदलला. मग वायर वाकून आड येतेय का पाहिलं आणि ती कोपऱ्यात पट्टीनं दाबून टाकली. झाकण उघडं ठेवून बघितलं तर खोली रिकामी, भिंती काळ्या, समोर दिवा आणि इकडे खिडकी. मध्ये धुळीचा कणसुद्धा नाही. झाकण ठेवलं की डाग. काढलं की नाही.

आत पेला वाजला.

"किती वेळ ते उघडझाप चाललंय? डोळ्यांवर येतंय माझ्या."

"तुझ्या डोळ्यांवर कसं येईल? दार बंद आहे," मी म्हटलं.

"मग दिवा कोण घालवतंय माझा?"

तिच्या खोलीतला दिवा चालूच होता. पडल्यापासून ती तो दिवसासुद्धा विझवू देत नाही. म्हातारपणी माणसाला काहीही वाटतं, असं म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

३

पुढचे काही दिवस मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम करत होते. आमचं घर टेबलाच्या कडेला होतं. दुपारी एकदा पडदे ओढायचे, खटका दाबून बघायचं, बंद करायचं. दात दुखत असला की जीभ सारखी तिथेच जाते, तसं माझं झालं होतं.

डाग लहान होत होता.

आधी वाटलं, बरं झालं, गोंद सुकतोय. नंतर दिसलं की लहान होता होता तो उभा होत होता. वर गोल, खाली रुंद. आणि त्याला कडा येत होत्या.

मी शहाणी बाई आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे मला कळतं. मी स्वतःला सांगितलं की पुठ्ठ्यानं ओल धरलीय, आतला रंग फुगलाय, त्याचा पापुद्रा आड येतोय. मी रंग खरवडला आणि पुन्हा दिला. दुसऱ्या दिवशी सावलीला खांदे होते.

माणसाची सावली लहान आणि रेखीव कधी होते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. चिमट्यात आजोबांना धरून मीच ते शिकले होते. जे काही आत होतं, ते दिव्याकडून खिडकीकडे सरकत होतं. आणि आमच्या घरात, खऱ्या घरात, त्या खिडकीला लागून काय आहे ते मी मघाशी सांगितलंच आहे.

त्या संध्याकाळी आईला औषध देताना मी पलंगाच्या पायथ्यापासून खिडकीपर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं आणि मग स्वतःचाच राग आला.

४

डोळे माझेच फसत असतील, तर दुसऱ्याचे डोळे आणावेत. मी मास्तरांना हाक मारली. त्यांना काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, "धाकट्यासाठी घर केलंय, बघा बरं कसं दिसतंय."

मास्तर चष्मा कपाळावर चढवून वाकले. आधी स्वतःच्या खिडक्या बघितल्या आणि म्हणाले, "माझे पडदे इतके घाण नाहीत हं." मग त्यांची नजर खाली आली.

"अरे वा," ते म्हणाले. "स्वतःलाच बसवलंस होय?"

"कुठे?"

"कुठे काय, ही काय. अंबाड्यात पेन्सिल खोचून दुसरं कोण फिरतं या घरात?" ते आणखी जवळ गेले. "कापलंयस मात्र झकास. जरा वाकलेली मान, थकलेली. अगदी तूच. छातीशी काय धरलंस पण? उशी का?"

माझा हात अंबाड्याकडे गेला. पेन्सिल होती. ती नेहमीच असते, खुणा करायला लागते.

"चादर," मी म्हटलं. "घडीची चादर आहे."

"चादर नाही वाटत. चादर असती तर खाली लोंबली असती. उशीच वाटते." चित्रकलेचा माणूस, आकाराचं चुकेल कसं? ते सरळ झाले, चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "तू जरा झोपत जा गं," म्हणाले आणि वर गेले.

मी झाकण उचललं. खोली रिकामी होती. मी तिच्यात बोट घालून फिरवलं. बोटाला गार लागलं, बाकी काही नाही.

आता सरळ बोलते. मला सुटका हवी होती. आईची नव्हे, आईपासून. उशीचा अभ्रा बदलताना उशी छातीशी दाबून एखादा क्षण तशीच उभी राहते मी कधीकधी. त्या क्षणात काय असतं ते मी कधी उकरून पाहिलं नाही. पण तो क्षण माझा आणि माझ्या एकटीचा होता. तो कापून खिडकीत लावायला मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला भीती वाटली ती भुताची नाही. आईच्या जिवाची वाटली, आणि ती मला स्वतःपासून वाटली.

५

मी त्या दिवशी आईची उशी कपाटात ठेवली आणि डोक्याखाली चादरीची घडी दिली. ती लगेच म्हणाली, "उशी कुठे गेली?"

"धुवायला काढलीय."

"खोटं बोलतेस. तेवढंही नीट जमत नाही तुला." मानेला रग लागतेय म्हणून ती इतकी कुरकुरत राहिली की शेवटी मी उशी परत आणून दिली. उशी देताना मी ती एका कोपऱ्याला, अंगापासून लांब धरली होती. ते तिनं बघितलं.

"अशी रोज येऊन उभी का राहतेस?" तिनं विचारलं.

"कुठे?"

"पायथ्याशी. तोंडातून शब्द नाही. बोलवलं तर ओ नाही. मी पेला वाजवते तर दाराकडून पुन्हा तूच येतेस आणि विचारतेस काय हवंय. खुळी झालीस का?"

"मी टेबलाशी असते, आई. कामाला बसलेली."

"मी आंधळी नाही," आई म्हणाली. "पहिल्यांदा दिव्याशी उभी राहायचीस. आता पायथा सोडून पुढे आलीस."

मी तिचं अंग पुसलं, केस विंचरले. तिच्याकडे बघायचं टाळलं. बाहेर येऊन दाराला टेकले आणि विचार करायचा प्रयत्न केला. दोनच गोष्टी शक्य होत्या. एक, मी तिथे जात होते आणि मला ते आठवत नव्हतं. दुसरी मी मनातसुद्धा धड उच्चारली नाही. पहिली खरी असावी, असं मला वाटत होतं. वेडाला निदान डॉक्टर असतो.

६

धाकट्याला फोन मी केला. कधी करत नाही.

"आईला काही महिने घेऊन जा," मी म्हटलं. "किंवा तू ये. मला बरं नाही."

"काय होतंय?"

"सांगता येत नाही. मी तिच्याजवळ असू नये असं मला वाटतं."

त्यानं मऊ आवाज काढला, आईशी बोलताना काढतो तसा. "ताई, तुला ब्रेक हवाय, मी समजू शकतो. पण इथे तिला कसं जमेल? थंडी, जिने... आणि तुझ्याइतकं तिचं कुणाला कळतं का? तू आहेस म्हणून तर मी इथे निर्धास्त आहे."

"तू निर्धास्त असू नकोस," मी म्हटलं.

"असं काय बोलतेस गं? बरं, ते घर झालं का? मी हॉलमध्ये जागा करून ठेवलीय. येताजाता आईची खिडकी दिसेल अशी."

मी फोन ठेवला. पडदे ओढलेलेच होते. खटका दाबला.

सावली आता अंगठ्याखाली झाकता येईल एवढी होती आणि कागदावर शाईनं काढल्यासारखी रेखीव. पेन्सिलीचं टोक दिसत होतं. मनगटावरचं घड्याळ दिसत होतं. दोन्ही हात छातीपासून सुटून थोडे पुढे आले होते आणि त्यांच्यात उशी होती. तिच्या कोपऱ्याला अभ्र्याची नाडी लोंबत होती. तेवढीसुद्धा उमटली होती.

मी झाकण उपसून काढलं, कात्री घेतली आणि आईच्या खोलीची वायर कापली. एवढंसंच कट वाजलं. झाकण ठेवलं. सगळं घर उजळलेलं आणि तेवढी एक खिडकी काळी.

मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत बसून हसले. बरं झालं. जाऊ दे ते घर तसंच. हॉलमध्ये ठेव म्हणावं. येताजाता बघ तुझ्या आईची खिडकी, अंधारी. दिवा नाही तर सावली नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

७

दिवेलागणीची वेळ होती. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. आत पेला वाजला. रोज वाजतो तसा कर्कश नाही. एकदाच, हळू.

मी गेले. आईच्या खोलीत दिवा चालू होता, खिडकीचा पडदा ओढलेला होता. पडदा मी ओढला नव्हता आणि तिचा हात तिथवर पोचत नाही. आई उताणी पडली होती. ती माझ्याकडे बघत होती, मग माझ्याकडून नजर काढून तिनं पलंगाच्या डाव्या अंगाला बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"आज दोघी आलात होय?" ती म्हणाली.

डाव्या अंगाला कुणी नव्हतं. तिथली फरशी होती, औषधांचं स्टूल होतं, स्टुलावर पेला होता. मी ते सगळं नीट बघितलं, एकेक करून बघितलं.

"कोणी नाही, आई. मीच आहे."

"हो, तूच आहेस," आई म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची मान मागे पडलीय. डोकं थेट गादीला टेकलं होतं. उशी नव्हती. पलंगावर नव्हती, खाली पडलेली नव्हती. मी माझ्या हातांकडे बघितलं. खरंच बघितलं, कारण माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. हात रिकामे होते.

मी धावले आणि आईवर ओणवी झाले. तिच्या तोंडावर माझा खांदा आडवा येऊ दिला नाही. कोपरांवर तोल धरला, तिच्या चेहऱ्याभोवती दोन्ही हातांचं कडं केलं आणि पाठीनं तिला झाकलं. तिच्या केसांना तेलाचा आणि औषधाचा वास होता. तिचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता आणि मी मनात त्याला म्हणत होते, चालू राहा, चालू राहा. इतक्या वर्षांत मी तिला असं धरलं नव्हतं. तिनंही धरू दिलं नव्हतं.

माझ्या डोळ्यांसमोर पडदा होता. पडद्यावर एकच सावली होती, लहान, कडा धरलेली. अंबाडा, अंबाड्यात पेन्सिल, पुढे आलेले हात.

मी ओणवी होते. सावली उभी होती.

आई माझ्या खांद्यावरून वर बघत होती. तिचा चेहरा मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. त्यावरच्या सगळ्या आठ्या सुटल्या होत्या, धाकट्याशी बोलताना सुटतात तशा.

"दमलीस गं," ती म्हणाली.

ती माझ्याकडे बघत नव्हती.